साडी नेसून गाडी चालवताना: सिग्नलचे कॅमेरे, ई-चलान आणि आपली खासगी गोष्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्यासारख्या, बायकांचे कपडे घालायला आवडणाऱ्या पुरुषांकडून मला येणाऱ्या मेसेजांत एक धास्ती पुन्हा पुन्हा दिसते. माणूस रात्री साडेदहा-अकराला ड्रेस घालून किंवा साडी नेसून, टिकली लावून गाडी काढतो आणि अर्धा-पाऊण तास फिरून येतो. त्या वेळात जे मोकळं वाटतं, ते त्याला आठवडाभर पुरतं. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या चौकातला कॅमेरा आठवतो आणि पोटात गोळा येतो. तो गोळा मलाही माहीत आहे, म्हणून ही उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. मी पुण्यात राहतो, त्यामुळे भर महाराष्ट्रावर आहे. कायद्याची कलमं वाचून लिहिलं आहे, पण मी वकील नाही. प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं तर वकील गाठा.

१. पुरुषाने बायकांचे कपडे घालून गाडी चालवणं हा गुन्हा आहे का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ तुमच्याकडे लायसन्स, विमा, सीट बेल्ट, हेल्मेट मागतो. अंगावर शर्ट आहे की पैठणी, हे तो विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या नालसा निकालात पोशाखातून लिंगभाव व्यक्त करणं हे घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. रस्त्यात अडवून कोणी भलतंच कलम सांगितलं, तर प्रश्न ११ पाहा.

२. चौकात दिसणारा प्रत्येक कॅमेरा माझा फोटो काढून ठेवतो का?

नाही. कॅमेरे चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

गोल घुमटासारखा किंवा मान फिरवणारा कॅमेरा देखरेखीचा. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातले साडेचार हजारांवर कॅमेरे मुख्यतः देखरेखीचे होते. ते लांबून सगळा चौक बघतात, गर्दी, कोंडी, हाणामारी. तुमच्या गाडीच्या काचेआड कोण आहे हे त्यातून सहसा कळत नाही.

दुसरा नंबर प्लेट वाचणारा. त्याची नजर प्लेटवर बसवलेली असते. रात्री तो इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, त्यात प्लेट लखलखते आणि गाडीचा आतला भाग बहुतेक वेळा काळा राहतो.

तिसरा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. सीट बेल्ट लावला आहे का, हातात मोबाईल आहे का, हे बघणारा. त्याला पुढच्या काचेतून आत बघावंच लागतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून चालू असलेल्या यंत्रणेत असे कॅमेरे कमानींवर लावलेले आहेत. म्हणजे पुढून, वरून, थेट चालकावर.

आणि चौथा म्हणजे पोलिसांच्या हातातलं चलान मशीन किंवा इंटरसेप्टर म्हणजे वेग तपासणाऱ्या गाडीतली स्पीडगन. तिथे फोटो कसा येईल ते उभ्या असलेल्या माणसावर आणि कोनावर ठरतं.

३. चलानाच्या फोटोत चेहरा ओळखू येतो का?

कधी येतो, पुष्कळदा येत नाही. माझंच उदाहरण सांगतो. गाडी तेव्हा दादाच्या नावावर होती. रात्री एका चौकात ब्रेक उशिरा लागला आणि पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे गेली. आठवड्याने चलान आलं. फोटोच्या वरच्या पट्टीत तारीख, वेळ, चौकाचं नाव. कोपऱ्यात नंबर प्लेटचा मोठा केलेला तुकडा. मधे माझी गाडी, काचेवर पथदिव्याचा पांढरा डाग, त्या डागाखाली स्टिअरिंगवर दोन हात. उजव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या होत्या. फोटोत त्यांची एक जाड, गडद रेघ झाली होती. मला ती रेघ म्हणजे बांगड्या हे माहीत होतं म्हणून दिसली. दादाने नुसतं विचारलं, "अरे, सिग्नल तोडलास का? भरून टाक ते." मी तो फोटो मोठा करून करून रात्रभर बघत होतो.

दिवसाउजेडी, स्वच्छ काच आणि समोरून कॅमेरा, तर मात्र चेहरा, केस, कानातलं, सगळं नीट येऊ शकतं. रात्री इन्फ्रारेडमध्ये रंग जातात. लाल लिपस्टिक लाल दिसत नाही, पण लांब केस आणि ओढणीचा आकार दिसतो. "रात्र आहे म्हणजे काही दिसणार नाही" असं धरून चालू नका.

४. मग चलान जातं कोणाकडे? मला भीती त्याचीच आहे.

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि आपण तो सगळ्यात शेवटी विचारतो. चलान चालवणाऱ्याकडे जात नाही. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जातं, आणि मेसेज आरसीला जोडलेल्या मोबाईल नंबरवर जातो. खांबावरचा कॅमेरा तुम्हाला ओळखत नाही, घरातला फोन ओळखतो.

केरळमध्ये २०२३ साली जे झालं ते तुम्ही वाचलं असेल. स्कूटर बायकोच्या नावावर होती, नवरा विनाहेल्मेट चालवत होता, मागे दुसरी एक स्त्री बसली होती. कॅमेऱ्याने हेल्मेटचं चलान बनवलं आणि फोटोसकट मेसेज गेला तो आरसीवरच्या नंबरावर, म्हणजे बायकोच्या फोनवर. घरात भांडण झालं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. यंत्रणेने कोणाची चुगली करायची ठरवली नव्हती, मालकाला नोटीस पाठवायची एवढंच तिला माहीत होतं.

म्हणून आजच एक काम करा. आरसी कोणाच्या नावावर आहे आणि तिला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे, ते बघा. पुष्कळ गाड्यांना शोरूममधल्या घाईत वडिलांचा, बायकोचा, कधी चक्क विक्रेत्या पोराचा नंबर लागलेला असतो. गाडी तुमच्या नावावर असेल तर परिवहनच्या वाहन पोर्टलवर स्वतःचा नंबर लावून घ्या. गाडी बाबांची असेल तर त्यांच्या नकळत नंबर बदलायच्या भानगडीत पडू नका. त्यांची गाडी, त्यांची जबाबदारी, आणि उद्या विम्याचा किंवा चोरीचा मेसेज त्यांना आला नाही तर नुकसान त्यांचं होईल.

५. मेसेज आला नाही, म्हणजे सुटलो ना?

लगेच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्याप्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते. तेवढे दिवस वाट बघा, आणि मेसेजवर विसंबण्यापेक्षा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर स्वतः जाऊन बघा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाकले की चलानं उघडतात. हे आकडे आरसीवर छापलेले असतात. आरसी ज्याच्या हाताला लागते, त्याला तुमची चलानं बघता येतात. ड्रायव्हर, भाचा, सर्व्हिसिंगला गाडी नेणारा, कोणीही. आरसीची प्रत गाडीच्या कप्प्यात उघडी ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन्स पोलिसांना चालतात.

६. मी एकही नियम मोडला नाही. तरी घरी कळू शकतं का?

कळू शकतं, आणि ते फास्टॅगमुळे. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. खालापूर किंवा तळेगावच्या नाक्यावरून गेलात की पैसे कापल्याचा मेसेज फास्टॅगच्या खात्याला जोडलेल्या नंबरावर पडतो, नाक्याचं नाव आणि वेळ यांसकट. त्यात फोटो नसतो. पण "मित्राकडे अभ्यासाला कोथरूडला गेलोय" म्हणालेला मुलगा रात्री पावणेबाराला खालापूरला काय करतोय, हा प्रश्न बाबा विचारणारच.

गाडी कुटुंबाची असेल तर टोल लागणार नाही असा रस्ता घ्या. नाहीतर त्या रात्री गाडीने न जाता कॅबने जा, भाडं थोडं जास्त पडेल, पण हा मेसेज पडणार नाही. गाडीतल्या जीपीएस ट्रॅकरबद्दलही हेच. नव्या गाड्यांच्या ॲपमध्ये गाडी कुठे उभी आहे ते दिसतं, आणि ते ॲप पहिल्या मालकाच्या फोनवर असतं.

७. गाडी कंपनीची आहे. किंवा मित्राची. मग?

चलान कंपनीच्या ॲडमिनकडे किंवा मित्राकडे जाईल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर मालकाला चालकाचं नाव सांगावंच लागतं. कंपनीत ती नोंद तीन-चार टेबलांवरून फिरते आणि फोटोही तिच्यासोबत फिरतो. माझं स्पष्ट मत आहे, कंपनीच्या गाडीत हे करू नका. मित्राच्या गाडीत करायचं तर मित्राला सांगून करा.

८. काचांना काळी फिल्म लावली तर? किंवा नंबर प्लेट थोडी झाकली तर?

दोन्ही नको. काचेतून आत दिसलंच पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अविषेक गोएंका प्रकरणात काळ्या फिल्मवर बंदी घातली. काळी काच दिसली की नाक्यावरचा पोलिस सगळ्यात आधी तुमचीच गाडी बाजूला घेतो. म्हणजे जे टाळायचं होतं तेच ओढवून घेतलं. बाजूच्या काचांना चिकटवायच्या जाळीवरूनही अडवतात.

नंबर प्लेट झाकणं, वाकवणं, तिच्यावर चिखल फासणं हा सरळ गुन्हा आहे. तोवर तुम्ही फक्त कपडे बदललेला माणूस असता. प्लेट झाकली की संशयित होता.

चष्मा, गॉगल, मास्क, डोक्यावरून घेतलेला पदर यांपैकी कशालाही भारतीय मोटार कायद्यात बंदी नाही. रात्री गॉगल मात्र घालू नका, समोरचं दिसत नाही.

९. मी स्कूटरवर फिरतो. काय लक्षात ठेवू?

एका बाबतीत पुण्याची स्कूटर आपल्याला फार सोयीची आहे. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळलेल्या मुली इथे भर दुपारी हजारोंनी दिसतात. त्यात कोणी मान वळवून बघत नाही.

पण हेल्मेट हवंच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे, मागे बसणाऱ्यालाही. आणि विगवर हेल्मेट नीट बसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. विग आत दुमडतो, हेल्मेट वर उचललेलं राहतं, पट्टा हनुवटीला घट्ट लागत नाही. अशा हेल्मेटचा अपघातात काही उपयोग नाही. विग पिशवीत ठेवा, पोचल्यावर लावा. हेल्मेट आणि खाली स्कार्फ असेल तर विगशिवायही चेहरा झाकलेलाच राहतो.

ओढणी! तिची दोन्ही टोकं मागे नेऊन कमरेला घट्ट बांधा. ओढणी किंवा पदर मागच्या चाकात अडकून गळा आवळला जातो, त्यात माणसं गेली आहेत. जन्मभर ओढणी घेणाऱ्या मुलीच्या हाताला ती सवरायची सवय असते, आपल्या हाताला नसते.

१०. नाकाबंदीत अडवलं तर काय करू? लायसन्सवरचा फोटो मिशीवाला आहे.

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसू द्या. काच पूर्ण खाली करा. लायसन्स मागितलं की द्या. कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाला ते मागायचा अधिकार आहे. मग तो फोटो बघेल, तुमच्याकडे बघेल, पुन्हा फोटो बघेल. त्या दोन-तीन सेकंदांत आपल्याला काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं. बोला, पण खरं आणि थोडक्यात: "साहेब, लायसन्स माझंच आहे. मी असे कपडे घालतो. कागद सगळे आहेत." आवाज बारीक करू नका. नाटकाच्या तालमीहून येतोय वगैरे रचू नका, पुढचा प्रश्न "कुठलं नाटक" हा असतो.

लायसन्सवरच्या फोटोपेक्षा वेगळं दिसणं गुन्हा नाही. दाढी वाढवलेला, टक्कल पडलेला माणूसही फोटोसारखा दिसत नाही. ओळख पटवण्यासाठी विग किंवा मास्क काढायला सांगितला तर काढा, ते रास्त आहे. श्वासाची चाचणी सांगितली तर द्या. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू म्हणजे कलम १८५, आणि मग विषय कपड्यांचा राहतच नाही. असं फिरायचं त्या दिवशी एक थेंबही घेऊ नका.

ज्या वाचक ट्रान्स स्त्रिया आहेत, त्यांच्यासाठी हे कपडे रोजचेच आहेत आणि कागदांवरचं नाव-लिंग बदलणं हा वेगळा, लांबचा रस्ता आहे. त्यासाठी १९९४ पासून मुंबईत काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थेशी बोला.

११. पोलिस म्हणाला, "वेषांतर करून रात्री फिरतोस, आत टाकीन." असं कलम खरंच आहे का?

कलम आहे, पण तुम्हाला लागू होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात चेहरा झाकून किंवा वेष पालटून सापडणाऱ्यांबद्दल बोलतं. लोक इथेच थांबतात आणि घाबरतात. पुढचे शब्द वाचा: गुन्हा करण्याच्या उद्देशाने. तो उद्देश नसेल तर कलमात काही उरत नाही. लायसन्स, आरसी, विमा स्वतःहून पुढे करणारा माणूस ओळख लपवत नसतो.

दुसरं कलम सांगतात ते तोतयेगिरीचं, भारतीय न्याय संहितेचं ३१९. त्याला फसवणूक लागते, म्हणजे दुसरंच कोणी आहे असं भासवून कोणाला तरी गंडवणं. गाडीत एकटं बसून गाणी ऐकणाऱ्याने कोणाला फसवलं? तिसरं पुन्हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं, कलम ११०, सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. पूर्ण कपड्यांत गाडी चालवणं त्यात बसत नाही.

हे सगळं पोलिसाला शिकवायला जाऊ नका. तुम्हाला माहीत असलं की तुमचा आवाज स्थिर राहतो, त्यासाठी सांगितलं. "नियमाप्रमाणे काय चलान असेल ते मशीनवर करा, मी भरतो" हे वाक्य पाठ ठेवा. हातात पैसे मागितले तर देऊ नका. एकदा दिले की तुमचा नंबर तो लक्षात ठेवतो.

१२. पोलिसाने स्वतःच्या मोबाईलवर माझा फोटो काढला तर?

मला कॅमेऱ्यांपेक्षा याची जास्त काळजी वाटते. खांबावरचा फोटो सरकारी सर्व्हरवर जातो, खासगी मोबाईलमधला फोटो व्हॉट्सॲपवर जाऊ शकतो. २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयाने चलानासाठी खासगी मोबाईलवर फोटो काढू नयेत, चलान मशीनच वापरावं, अशी सूचना काढली. तेव्हा शांतपणे म्हणा, "साहेब, फोटो मशीनवर घ्या." ऐकलं नाही तर छातीवरच्या पट्टीवरचं नाव, चौकी, वेळ लक्षात ठेवा आणि पोलिस उपायुक्त, वाहतूक यांच्याकडे लेखी तक्रार करा. तक्रारीत कपड्यांचा उल्लेख करायची गरज नाही. "खासगी मोबाईलवर फोटो काढला" एवढीच तक्रार पुरेशी आहे.

१३. कॅमेरा चेहरा ओळखून माझं नाव काढू शकतो का?

चलानासाठी त्याची गरजच नसते, नंबर प्लेटवरून काम भागतं. महाराष्ट्र पोलिसांकडे अँबिस नावाची यंत्रणा आहे. तिच्यात बोटांचे ठसे, चेहरा, बुबुळं जुळवली जातात, आणि ती गुन्हेगारांच्या नोंदींसाठी उभारलेली आहे. वाहतुकीच्या दंडाचा फोटो तुमच्या आधारशी जुळवला जातो आणि "हा माणूस साडीत होता" अशी कुठे नोंद होते, ही भीती मनातून काढा. चलानाच्या नोंदीत कपड्यांसाठी रकानाच नाही.

१४. फुटेज किती दिवस राहतं? शेजाऱ्याला, बायकोच्या माहेरच्यांना ते मागता येईल का?

चलानाशी जोडलेली नोंद १६७-अ प्रमाणे चलान निकाली निघेपर्यंत जपायची असते. यातूनच व्यवहारी सल्ला निघतो, चलान खरं असेल तर लगेच भरून टाका. थकलेलं चलान म्हणजे उघडा राहिलेला फोटो, वर तो लोकअदालतीच्या नोटिशीने पुन्हा घरी यायचा.

माहितीच्या अधिकारात कोणी तुमचा फोटो मागितला तर तो वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(ञ) खाली नाकारता येतो. कोर्टाने मागवला तर गोष्ट वेगळी. घटस्फोटाचा खटला चालू असेल तर आपल्या वकिलाला हे आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी नको.

"डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ वापरून फोटो पुसायला लावू का?" असंही पुष्कळ जण विचारतात. त्या कायद्याचं कलम १७ गुन्ह्याचा शोध आणि तपास यांसाठीच्या डेटाला बऱ्याच तरतुदींतून सूट देतं. त्यामुळे चलानाच्या फोटोबाबत त्याचा आधार फार तोकडा आहे.

१५. बाजूच्या गाडीवाल्याने व्हिडिओ काढला आणि आता पैसे मागतोय.

एक रुपयाही देऊ नका. पहिली मागणी पाच हजारांची असते, दुसरी पन्नासची. बदनामीची भीती घालून पैसे उकळणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. मेसेजांचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर जपा, चॅट पुसू नका, उत्तर देऊ नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. तक्रारीत "माझा खासगी व्हिडिओ" एवढं म्हटलं तरी चालतं.

याच भीतीवर जगणारा आणखी एक धंदा आहे. व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल येते. आपण एरवी सावध असतो, पण काल रात्री साडीत फिरलेलो असतो, म्हणून हात थरथरत ती उघडतो. बँक खातं रिकामं होतं. खरं चलान एपीके म्हणून येत नाही. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे संकेतस्थळ स्वतः टाइप करून बघा.

१६. देव न करो, अपघात झाला तर? मी त्या कपड्यांत असेन.

थांबायचं. मला एका वाचकाने लिहिलं होतं, "कोणाला धक्का लागला तर मी पळून जाईन, कारण बाहेर उतरूच शकणार नाही." मी त्याला लिहिलं, असं वाटत असेल तर त्या कपड्यांत गाडी चालवू नकोस, कोणाला तरी शेजारी घेऊन जा आणि चालवू दे त्याला. जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला तुमच्या अंगावर काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला दवाखाना हवा असतो. ११२ लावा.

तयारी आधी करायची. मागच्या सीटवर एक पिशवी, त्यात ट्रॅक पँट, टी-शर्ट, मेकअप पुसायचे ओले कागद, चप्पल. टाचांच्या सँडलवर गाडी चालवू नका. टाच मॅटमध्ये रुतते आणि पाय ब्रेकवर अर्धाच पडतो. सँडल शेजारच्या सीटवर ठेवा, पायाखाली नाही, ती घरंगळत पेडलखाली जाते. साडी असेल तर निऱ्या गुडघ्यांच्या वर ओढून मांडीखाली दाबा, आणि सीट बेल्ट पदराच्या वरून घ्या. विम्याचा दावा कपड्यांवरून नाकारता येत नाही.

१७. मी लावणी करतो. कार्यक्रमाहून पहाटे मेकअपसकट गाडी चालवत येतो. माझ्यासाठी काही वेगळं?

कायद्याने काहीच वेगळं नाही, व्यवहारात तुमचं सोपं आहे. ज्या मुलखात बालगंधर्वांच्या शालूंची चर्चा घराघरांत व्हायची, तिथे रंगमंचावरून आलेला माणूस लोकांना चटकन कळतो. कार्यक्रमाची सुपारी ठरल्याचा मेसेज किंवा जाहिरातीचा फोटो फोनमध्ये ठेवा. फक्त घुंगरू काढून गाडीत बसा, आणि रात्रभर नाचल्यावर झोप येत असेल तर दुसऱ्याला चालवू द्या.

१८. मी जर्मनीत नोकरीला आहे. इथे काय?

तिकडचं गणित उलटं आहे. दंड मालकाला नव्हे, चालवणाऱ्याला होतो, म्हणून वेगाचा कॅमेरा मुद्दाम समोरून चालकाचा चेहरा टिपतो आणि तो फोटो पत्रासोबत येऊ शकतो. शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा त्यात झाकतात. शिवाय २०१७ पासून चेहरा ओळखू येणार नाही असा झाकून गाडी चालवायला तिथे मनाई आहे, दंड ६० युरो. विग, मेकअप, दागिने चालतात, कारण चेहरा उघडा राहतो. पुण्यासारखा डोळ्यांपर्यंतचा स्कार्फ चालत नाही. पत्र घरच्या पेटीत पडतं, तेव्हा पेटीची किल्ली कोणाकडे आहे ते बघा.

१९. रोज चलानाची धास्ती घेण्यापेक्षा बायकोला सांगूनच टाकू का?

हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, पण दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. माझं मत, चलानाच्या फोटोवरून तिला कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळणं तिच्यासाठी कमी वेदनेचं असतं. फोटोवरून कळलं की तिच्या मनात पहिली शंका दुसऱ्या बाईची येते, मग खोटेपणाची, आणि कपड्यांचा विषय तिसरा. मी सांगितलं तेव्हा हिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "एवढ्या रात्री एकटा जात होतास? रस्त्यात काही झालं असतं तर मी कुठे शोधलं असतं तुला?" त्यानंतर माझ्या फोनचं लोकेशन तिच्याकडे असतं.

प्रत्येक घरात असंच होईल असं मी सांगू शकत नाही. घरात मारहाणीची, हाकलून देण्याची भीती असेल तर सांगू नका. आधी स्वतःचं बँक खातं, राहायला एक जागा आणि विश्वासाचं एक माणूस तयार ठेवा. तोवर प्रश्न ४ आणि ६ मधली काळजी घ्या.

२०. गाडी विकतोय. जुन्या चलानांचे फोटो नव्या मालकाला दिसतील का?

थकलेली चलानं दिसतील, कारण ती गाडीच्या नंबरावर असतात आणि दलाल व्यवहाराआधी तीच पहिली तपासतो. जाहिरात टाकण्याआधी सगळी भरा. फास्टॅग बंद करा. गाडीच्या ॲपमधून आपलं खातं काढा, ब्लूटूथच्या यादीतला फोन पुसा. डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड काढून घ्या. आणि शेवटी टॉर्च घेऊन सीटच्या सांद्या बघा. माझ्या मागच्या गाडीत सीट बेल्टच्या खाचेत दोन हेअरपिना आणि एक टिकल्यांचं पाकीट निघालं होतं.